एसएमपीएस टेस्टर: पीसी चालूच होत नसेल तर या डबीचा उपयोग किती?

एसएमपीएस म्हणजे भिंतीवरची वीज कमी व्होल्टची करून पीसीला देणारा, कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, आणि तो तपासायची ही डबी. आधी निकाल सांगतो, पाल्हाळ नंतर. ५ पैकी साडेतीन. शेजारपाजारचा कुणाचाही पीसी बंद पडला की लोक तुम्हालाच हाक मारत असतील तर डोळे झाकून घ्या, पैसे वसूल होतात. पण घरात एकच पीसी आहे, तो आज सकाळपासून चालू होत नाही आणि म्हणून तुम्ही घाईघाईत हे ऑर्डर करायला निघाला असाल तर जरा थांबा, खालचं वाचा, कदाचित त्याच्या निम्म्या पैशातला, व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर तुमच्या जास्त कामाचा आहे.

वस्तू म्हणजे तळहातात मावेल एवढी काळी प्लास्टिकची डबी. वर छोटा एलसीडी, एका कडेला मदरबोर्डवर (पीसीतल्या मुख्य बोर्डवर) असतं तसलंच २४ पिनचं सॉकेट, बाकी कडांना ४, ६, ८ पिनची सॉकेटं, एक साटाचं (हल्लीच्या हार्डडिस्कचं) आणि एक मोलेक्सचं, म्हणजे जुन्या हार्डडिस्कला लागायचा तो चार पिनांचा जाडा प्लग. कंपनीचं नाव कुठेच नाही, ऑनलाइन याच डबीचे दहा फोटो दहा वेगवेगळ्या नावांनी दिसतात आणि आतून सगळ्या सारख्याच असाव्यात असा माझा अंदाज. मला साधारण साडेपाचशेला पडली. सोबत एक घडीचा कागद येतो, त्यावरचं इंग्रजी वाचून काही समजलं तर मला पण सांगा.

आम्ही चिपळूणला राहतो. इथे पावसाळ्यात लाईट जाते-येते, हवेत ओल, आणि जुना डेस्कटॉप तर घराघरात पडून असतोच, मुलांच्या प्रोजेक्टला नाहीतर घरून टॅली करणाऱ्यांचा. बिघडला की मुंबईला लॅमिंग्टन रोडला कोण नेणार, मग गावातला कोणीतरी बघतो आणि बिल्डिंगमध्ये तो कोणीतरी म्हणजे मी. धंदा नाही करत, चहावर काम चालतं, त्यामुळे हा रिव्ह्यू दुकानदाराच्या नजरेतून नाही हे धरून चाला.

आता मुद्द्याचं. फोन येतो तेव्हा सगळे एकच वाक्य बोलतात, ‘पीसी चालू होत नाहीये’. या एका वाक्यात वेगवेगळे आजार असतात. कोणाचा बटण दाबल्यावर काहीच करत नाही, ना पंखा ना लाईट. कोणाचा पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. आणि कोणाचं तर सगळं व्यवस्थित येतं, कंपनीचा लोगो पण दिसतो आणि पुढे विंडोजचं चक्र गोल गोल फिरत बसतं. ही टेस्टरची डबी फक्त पहिल्या आजाराला आणि दुसऱ्यातल्या थोड्याफार केसेसना उपयोगी. तिसऱ्याला शून्य. विंडोज लोड होत नाही म्हणून एसएमपीएस टेस्टर मागवलेले लोक मी बघितलेत, आणि मग रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन ‘काही उपयोग नाही’ लिहितात, अहो पण तुमची हार्डडिस्क गेलीय, डबी काय करणार त्याला.

आणि पहिल्या आजारात सुद्धा डबी बाहेर काढायच्या आधी फुकटातल्या गोष्टी असतात. भिंतीवरच्या त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. यूपीएस मधे असेल तर तो बाजूला काढून पीसी डायरेक्ट भिंतीला लावा, कारण यूपीएसची बॅटरी उतरलेली असते आणि शिव्या पीसीला बसतात. सीपीयूच्या मागे (कॅबिनेटला आपल्याकडे सगळे सीपीयूच म्हणतात, मी पण) वायर लागते तिथे एक छोटा स्विच असतो, झाडताना पुसताना तो बंद होतो, दिवाळीच्या साफसफाईनंतर येणाऱ्या फोनमध्ये याचा नंबर बराच वर आहे. एवढं करून पण बटणाला दाद नाही तर कॅबिनेटचं पुढचं बटणच तपासायचं. ते स्वस्तातलं असतं, आत अडकून बसतं किंवा त्याची वायर तुटते. मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिनांचा एक झुबका असतो, त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि मशीन सुरू झालं तर दोष एसएमपीएसचा नाही, बटण बदला. मुलांचा पीसी असेल तर रिसेटचं बटण पॉवरच्या पिनांना जोडून द्या, माझ्या एका मित्राचा पीसी कित्येक वर्षं तसाच चाललाय आणि त्याला बदलावंसं पण वाटत नाही.

हे सगळं झालं, तरी मढ्यासारखं पडलंय, मग डबी.

वापरायला सोपी आहे हे मान्य करावंच लागेल. भिंतीचं बटण बंद करून वायर काढायची, पुढचं पॉवर बटण एकदा दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, मग मदरबोर्डवरचा २४ पिनचा प्लग काढायचा. तो काढताना त्याच्या बाजूची क्लिप दाबायची आणि प्लगला धरून हलवत हलवत काढायचा, वायरला धरून ओढायचं नाही, नवीन माणूस इथेच बोर्ड वाकवतो. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा प्लग पण काढायचा, हार्डडिस्कचा पण. मग २४ पिनचा प्लग डबीत बसवायचा, वायर लावायची, बटण चालू. बस. पंखा सुरू होतो, डबी एकदा टुण्ण करते आणि स्क्रीनवर आकडे.

आतली गंमत अशी की एसएमपीएस स्वतःहून कधीच सुरू होत नाही. भिंतीचं बटण चालू केल्यावर तो फक्त जांभळ्या वायरवर ५ व्होल्टचा स्टँडबाय करंट देत बसतो, पीसी बंद असताना मदरबोर्डवरचा तो बारीक दिवा लागलेला दिसतो ना, तो त्याच्यावरच. आपण बटण दाबलं की मदरबोर्ड हिरव्या वायरला ग्राउंडशी, म्हणजे काळ्या वायरशी, जोडतो आणि मग बाकीची सगळी व्होल्टेज येतात, पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३. सगळं जागेवर आलं की एसएमपीएस करड्या वायरवर ‘पॉवर गुड’चा सिग्नल देतो, तो मिळाल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला उठवत नाही. डबी हे हिरव्या वायरचं काम स्वतः करते आणि बाकीचे आकडे वाचते. रिपेअरवाले पूर्वीपासून हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने शॉर्ट करून हेच करत आलेत, यूपिन नाहीतर पेपरक्लिप वाकवून. पण त्यात पंखा फिरला एवढंच दिसतं. पंखा १२ व्होल्टवर चालतो, तो १० वर पण फिरेल, त्यामुळे ‘पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला’ हे जे ठोकून सांगतात ना ते मला पटत नाही.

आकडे कसे वाचायचे ते सांगतो कारण त्या कागदावर ते धड लिहिलेलं नाही. १२, ५ आणि ३.३ या तिघांना ५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १२चं ११.४ ते १२.६, ५चं ४.७५ ते ५.२५, ३.३चं ३.१४ ते ३.४७ पर्यंत. स्टँडबायचं ५ व्होल्ट पण तसंच. उणे १२ व्होल्ट असं पण एक असतं, त्याला १० टक्के सूट, त्याचा आकडा थोडा विचित्र दिसला तरी घाबरू नका. पॉवर गुडचा आकडा म्हणजे तो सिग्नल यायला लागलेला वेळ, तो मिलिसेकंदात येतो, १०० ते ५०० मध्ये असला की ठीक. यातलं काहीही कमी असेल तर आकड्याच्या जागी एलएल, जास्त असेल तर एचएच, आणि डबी केकाटते. जुन्या गाईड्समध्ये पांढऱ्या वायरचं उणे ५ व्होल्ट असतं ते शोधत बसू नका, नव्या एसएमपीएसमध्ये ती वायर नसतेच, २४ पिनांपैकी एक भोक रिकामं दिसेल ते त्याचंच.

याचा पैसे वसूल प्रसंग म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंचा पीसी. काकू विम्याची कामं घरून करतात. गावातल्या एका रिपेअरवाल्याने येऊन कॅबिनेट उघडलं, वर वर बघितलं आणि सांगितलं बोर्ड गेला, तुमचा बोर्ड जुना आता मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर रॅम पण नवीन, चौदा हजार. काकूंनी मला बोलावलं तेव्हा मी सहज विचारलं, काकू, आधीपासून काही त्रास देत होता का.

‘अरे त्रास म्हणजे काय, त्याला त्याची सवयच आहे. सकाळी भिंतीचं बटण लावायचं, लगेच नाही लागत तो. मी चहा ठेवते, चहा उकळेपर्यंत थांबायचं, मग लागतो. आता मेला चहा काय जेवण झालं तरी लागत नाही.’

हे ऐकलं आणि माझं अर्धं काम झालं. बटण लावून थोडा वेळ ठेवल्यावरच सुरू होणारा पीसी म्हणजे बहुतेक वेळा स्टँडबायच्या सर्किटमधले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) म्हातारे झालेत, ते थोडे गरम झाले की काम करतात, थंड असताना नाही, आणि दिवसेंदिवस चहाचा वेळ वाढत जातो. डबी लावली. १२ बरोबर, ५ बरोबर, ३.३ बरोबर, आणि स्टँडबायच्या रकान्यात एलएल, वर ती पीपी पीपी. काकू म्हणाल्या, ‘हे काय रे बाळा, गॅस लीक झाल्यासारखं ओरडतंय.’ मग मल्टिमीटर जांभळ्या वायरला लावून बघितलं तर ४.३ व्होल्ट. नवीन एसएमपीएस आणला, पीसी बटण दाबल्या दाबल्या सुरू. बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं जुनंच आणि आजही चालू आहे. त्या रिपेअरवाल्याला मी लबाड म्हणणार नाही, त्याने पण हिरवी-काळी शॉर्ट करून पंखा फिरवून बघितला असेल आणि पंखा तर फिरतच होता. पण हा दोष तारेच्या तुकड्याने दिसत नाही आणि डबीने पाच सेकंदात दिसला, तिथे तिचे पूर्ण मार्क.

आता मार्क कुठे कापले ते.

बहिणीचा मुलगा, त्याचा गेम खेळायचा पीसी. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर ४५० वॅट छापलेलं आणि उचलला तर खेळण्यासारखा हलका. तक्रार अशी की गेम सुरू केला की खटकन बंद, आणि मग बटण कितीही दाबा, चालूच होत नाही. भिंतीची वायर काढून थोड्या वेळाने लावली की परत सुरू. ‘मामा, मदरबोर्ड शॉर्ट झालाय ना?’ असं त्याने व्हिडिओ बघून निदान पण करून ठेवलेलं. मी ऐटीत डबी लावली, आणि डबी म्हणाली सगळं छान. १२.१, ५.०, ३.३, पॉवर गुड पण अगदी मधोमध. एकही एलएल नाही.

तर दोष इथे आहे. डबी एसएमपीएसवर नावापुरता लोड टाकते, म्हणजे त्याच्याकडून काम करून घेतच नाही. रिकाम्या हाताने सगळेच सरळ चालतात. खरा पीसी चालताना प्रोसेसर मागतो, ते एकटं कार्डच ७५ वॅटपर्यंत मागू शकतं, आणि मागणी अचानक वाढते, तेव्हा कमजोर एसएमपीएसचं १२ व्होल्ट खाली बसतं. आणि व्होल्टेज वरखाली थरथरतं ते तर डबीला दिसतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. त्या पोराच्या पीसीत एक मोलेक्स प्लग रिकामा लोंबत होता, त्याच्या पिवळ्या आणि काळ्या वायरच्या भोकात मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब खोचले, पीसी चालू केला, ११.९. गेम लावला, ११.५, ११.३, ११.१ आणि खटक. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून मान्य केलं, नाहीतर आमचं कोण ऐकतं. एसएमपीएसने स्वतःला वाचवायला बंद करून घेतलं होतं आणि भिंतीची वायर काढेपर्यंत तो कुलूप लावूनच बसतो, म्हणून बटणाला दाद नव्हती. माझ्या पीसीचा एसएमपीएस काढून त्याला लावला, गेम रात्रभर चालला (आईचा ओरडा वेगळा).

म्हणून माझं मत असं झालंय की डबीने ‘खराब’ सांगितलं तर विश्वास ठेवा, ‘चांगला’ सांगितलं तर ठेवू नका. आणि रिव्ह्यूत पाच स्टार देणाऱ्यांपैकी बरेच जण नेमकं उलटं करतात, डबी खूश म्हणजे एसएमपीएस ओके, म्हणजे मग मदरबोर्डच गेला, चला नवीन आणू. पिवळा डीटी ८३० डी मल्टिमीटर दोन-अडीचशेला कुठल्याही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळतो, तो चालू मशीनवर लावता येतो, मदरबोर्डवरचा बायोसचा (पीसीची मूळ सेटिंग सांभाळणारा) सीआर २०३२ सेल पण मोजतो, घरातला बल्बचा होल्डर पण तपासतो. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर तो घ्या. पीसी तपासताना प्रोब फक्त या कमी व्होल्टच्या प्लगमध्ये घालायचे, दोन वायर एकमेकींना टेकणार नाहीत एवढं बघायचं, आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. वायर काढलेली असली तरी आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर चार्ज धरून बसलेला असू शकतो, झटका जीवघेणा असतो, यात मस्करी नाही.

दुसरी मोठी अडचण ब्रँडेड मशीनची. आपल्याकडे हल्ली किती घरांत कंपन्यांनी काढून टाकलेले रिफर्बिश्ड डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप असतात, स्वस्त पडतात आणि चालतात पण मस्त. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना २४ पिनचा प्लगच नसतो. कुठे ६ पिन, कुठे ८, कुठे १०, कुठे १४, आणि वायरींची मांडणी ज्याची त्याची वेगळी. डबी तिथे कुचकामी. आणि भोक जुळतंय म्हणून दुसरा प्लग जोर लावून घुसवायचा प्रयत्न अजिबात करू नका. साध्या पीसीत सुद्धा प्रोसेसरचा ८ पिन आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिन दिसायला भाऊ भाऊ, पण त्यांच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात, खाचा वेगळ्या दिल्यात त्या त्यासाठीच. ब्रँडेडमध्ये एक सोय मात्र चांगली असते, पॉवरच्या बटणाचा दिवा नारिंगी मिचमिचतो किंवा ठराविक वेळा लुकलुकतो, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो आणि डेलच्या काही एसएमपीएसवर तर मागच्या बाजूला एक छोटं टेस्टचं बटणच असतं, दाबलं की दिवा लागला तर जिवंत.

बारीकसारीक कुरकुरी. स्क्रीनवर एकच दशांश दिसतो. १२ व्होल्टला ठीक आहे पण ३.३ला खालची हद्द ३.१४, आणि स्क्रीन दाखवते ३.१, आता ते ३.१४ आहे का ३.०६ हे तुम्ही देवाला विचारा. डबीला सेल लागत नाही, ज्याची तपासणी करायची त्याच एसएमपीएसच्या जिवावर ती चालते, त्यामुळे एसएमपीएस पूर्ण मेला असेल तर स्क्रीन कोरी. आणि कोरी स्क्रीन म्हणजे एसएमपीएस गेला, का मागचा स्विच बंद, का पॉवर केबल तुटकी, का डबीच गेली, काही कळत नाही. म्हणून चालू असलेल्या दुसऱ्या पीसीवर ती एकदा लावून बघायची सवय ठेवा. सॉकेट नवीन असताना इतकी घट्ट असतात की प्लग काढताना डबीचे दोन तुकडे होतील असं वाटतं. नव्या ग्राफिक्स कार्डांना लागणाऱ्या १६ पिनच्या प्लगची सोय नाही, पण ज्याच्याकडे तसलं कार्ड आहे त्याने साडेपाचशेच्या डबीच्या भरवशावर राहू पण नये.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, ही आपल्याकडची नंबर एक तक्रार, तिथे डबी शेवटी काढायची. आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा, ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लागली पाहिजे, मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून डिस्प्लेची वाट बघत बसलेले लोक कमी नाहीत. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यांना तर आतमध्ये ग्राफिक्सच नसतं. मग रॅम काढून, सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवून, पुसून परत लावायची, क्लिप टक्क वाजेपर्यंत. दोन असतील तर एकेक लावून बघायची. इथल्या दमट हवेत पावसाळा संपता संपता ह्या एका गोष्टीने निम्मे पीसी उठतात, खोडरबरला मी डबीपेक्षा जास्त स्टार देईन. मग बायोसचा सेल काढून पाच मिनिटं ठेवून परत लावायचा, सेटिंग मूळपदावर येतं.

आणि ३०-४० रुपयांचा छोटा स्पीकर मिळतो, मदरबोर्डच्या त्याच पिनांच्या झुबक्यात लागतो. पूर्वी कॅबिनेटबरोबर यायचा, हल्ली देत नाहीत. बोर्ड जिवंत असेल तर तो बीप देतो, सलग लांब लांब बीप आले की संशय रॅमवर, एक लांब आणि मागून छोटे आले की बहुतेक ग्राफिक्सवर, कंपनीप्रमाणे फरक असतो पण दिशा मिळते. नव्या असूस किंवा एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर त्याऐवजी चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट, ज्यावर अडकलं तो दिवा पेटलेला राहतो. ते दिवे असतील तर स्पीकर पण नको.

कोकणातल्यांसाठी वेगळं सांगतो. एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून आत पाल जाते. आत ऊब असते ना. ती नको तिथे टेकली की ती पण जाते आणि एसएमपीएस पण, आणि वास असा येतो की घरातले म्हणतात काहीतरी जळलं. असा जळका वास आला असेल, मागून काळं झालं असेल, तर डबीबिबी लावायची नाही, सरळ बदला. तसंच पाण्यातून निघालेलं मशीन. जुलै २०२१च्या पुरानंतर आमच्याकडे लोकांनी कॅबिनेट धुऊन, उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून चालू करून बघितली. बोर्ड आणि रॅम नीट धुऊन पूर्ण वाळवली तर कधी कधी वाचतात, हार्डडिस्कमधला डेटा महत्त्वाचा असेल तर ती चालूच न करता जाणकाराकडे द्यायची, पण चिखल गेलेला एसएमपीएस भिंतीला लावणं म्हणजे जिवाशी खेळ, टेस्टरने सुद्धा नको. आणि माळ्यावरचा अगदी जुना एसएमपीएस काढलात तर मागे ११५-२३० असा लाल स्विच आहे का बघा. तो ११५ वर असेल आणि तुम्ही आपल्या २३०च्या लाईनला लावलात तर धडाम, मग टेस्ट करायला काही उरत नाही.

नवीन एसएमपीएस घेताना दुकानदार पहिला तो सहा-सातशेवाला काढून देतो, ‘साहेब सगळे हाच नेतात’. नुसतं टायपिंग आणि टॅलीचं मशीन असेल तर तो चालतो काही वर्षं, मी पण लावलेत, काकूंच्याला तसलाच आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर ८० प्लसचा (कमी वीज वाया घालवतो असा) शिक्का असलेला, वॉरंटीवाला, अडीच-तीन हजारांच्या आसपासचा घ्या. लेबलवर मोठ्या अक्षरातले वॅट वाचू नका, खाली तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर दिलेत ते वाचा, १२ने गुणा, तेवढे तुमचे खरे वॅट. ४५० लिहिलेल्या डब्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर असतील तर हिशोब १९२ वर येतो, दुकानातच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून दुकानदाराला दाखवा.

डबी घ्यायचीच असेल तर स्क्रीनवालीच घ्या. दोनशेच्या आतबाहेर एक नुसत्या हिरव्या एलईडीवाली मिळते, तिच्यात व्होल्टेज आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही, काकूंचा स्टँडबाय तिने हिरवाच दाखवला असता. आल्या आल्या चांगल्या चालू पीसीवर सगळे प्लग एकेक लावून बघा, माझ्या पहिल्या डबीचं साटाचं सॉकेट ढिलं होतं, १२ येता येता जात होतं, रिटर्नच्या मुदतीत होतं म्हणून बदलून मिळाली. दुसरी अजून चालू आहे आणि सध्या वरच्या मजल्यावरच्यांकडे गेलीय, परत कधी येते बघू.